दीर्घिकेचे केंद्र म्हणजे नुसते कृष्णविवर नव्हे

संपादक महोदय,

आपल्या विज्ञान पानावरील आकाशगंगेविषयीचा लेख आवडीने वाचला. मात्र ‘सूर्याभोवती ग्रह, तसे केंद्रातील कृष्णविवराभोवती सारे तारे फिरतात’ हे वाक्य खटकले. ही समजूत इतकी रुजली आहे, की निदान छापील मजकुरात तरी तिला थारा नसावा.

सूर्यमालेचे ९९.८ टक्के वस्तुमान एकट्या सूर्यात आहे, म्हणून तिथे त्याची सत्ता चालते. आकाशगंगेच्या केंद्रातले कृष्णविवर सुमारे ४३ लाख सूर्यांएवढे. आकडा मोठा खरा. पण आकाशगंगेच्या केंद्राभोवती सूर्य ज्या कक्षेत फिरतो, तिच्या आत जे काही आहे, ते सगळे मिळून १० हजार कोटी सूर्यांच्या घरात जाते. आपल्याला बांधून ठेवले आहे ते तारे, वायू आणि कृष्णद्रव्य (डोळ्यांना न दिसणारे, पण ओढ असलेले द्रव्य) या सर्वांच्या ओढीने. एम-३३ या सर्पिल दीर्घिकेच्या केंद्रात तर महाकाय कृष्णविवर सापडलेलेच नाही, तरी तिचे फिरणे सुरळीत चालू आहे.

केंद्रातल्या ताऱ्यांना लेखात एक ओळही मिळू नये, याचे जास्त वाईट वाटले. दुसऱ्या महायुद्धात लॉस एंजेलिसचे दिवे मंद केले होते, तेव्हा खगोलशास्त्रज्ञ वॉल्टर बाडे यांनी त्या शहराजवळच्या माउंट विल्सन वेधशाळेच्या १०० इंची दुर्बिणीवर तांबडा प्रकाश टिपणाऱ्या छायाचित्रणाच्या काचा लावल्या. देवयानी दीर्घिकेचा गाभा तोवर नुसता उजेडाचा डाग दिसे. त्या काचांवर तो सुट्या सुट्या ताऱ्यांत उकलला. त्यातले ठळक तारे दीर्घिकेच्या सर्पिल भुजांतल्यासारखे निळे नव्हते, तांबडे होते. ताऱ्यांचे तरुण आणि म्हातारे असे दोन गट आहेत, हे १९४४ साली त्यातूनच पुढे आले.

आपल्या आकाशगंगेचा मधला फुगवटाही बहुतांशी अशाच म्हाताऱ्या, सुमारे १ हजार कोटी वर्षांच्या ताऱ्यांचा आहे. बाजूने पाहिले तर त्याचा आकार भुईमुगाच्या शेंगेसारखा दिसतो. आणि नवल असे, की अगदी आत, कृष्णविवराच्या उंबरठ्यावर, तरुण निळे तारे आहेत! त्यातला एस-२ दर १६ वर्षांनी एक फेरी मारतो. मे २०१८ मध्ये तो सूर्य-पृथ्वी अंतराच्या फक्त १२० पट अंतरावरून, सेकंदाला साडेसात हजार किलोमीटरहून अधिक वेगाने गेला आणि सुखरूप बाहेर पडला. तारे ज्यांतून जन्मतात ते वायूचे ढग जिथे कृष्णविवराच्या ओढाताणीत फाटून जावेत, तिथे असे तारे आले कसे, यावर खगोलशास्त्रज्ञ आजही वाद घालतात.

या ताऱ्यांवर स्वतंत्र लेख द्यावा, ही विनंती. सोबत सगळे गिळणाऱ्या काळ्या जबड्याचे चित्र नको, एस-२ च्या कक्षेची आकृती छापावी.

– एक नियमित वाचक