नौपाड्यातल्या दुरुस्तीवाल्या दादांना

दादा, सप्रेम नमस्कार.

काल संध्याकाळी कळव्यात पुन्हा वीज गेली. लॅपटॉपची बॅटरी आता नावापुरतीच उरली आहे. समोर एक मृत्युपत्र, दोन भाडेकरार आणि खरेदीखताचा अर्धवट मसुदा उघडा होता. हायबरनेट केलं, म्हणजे उघडं काम डिस्कवर साठवलं, आणि मशीन बंद. रात्री वीज आल्यावर सुरू केलं, तर सगळं जसंच्या तसं. मृत्युपत्रातलं वाक्य जिथे अडलं होतं तिथेच कर्सर. तेव्हाच ठरवलं, हे हायबरनेट चालू करून दिल्याबद्दल तुमचे आभार नीट मानायचे.

कोर्ट नाक्यावर वकिलांचे कागद टाईप करून माझं घर चालतं. तुमच्याआधी ज्यांच्याकडे गेले, त्यांच्यापैकी एकाने विंडोजऐवजी उबंटू ही सिस्टीम बघूनच तोंड वाकडं केलं: ‘विंडोज टाकून घ्या.’ दुसऱ्याने स्वॅप, म्हणजे रॅममधलं डिस्कवर उतरवायची जागा, वाढवून दिला, पैसे घेतले, आणि हायबरनेट करून मशीन सुरू केलं की पाटी कोरी! पासवर्ड मात्र दोघांनीही आधी मागितला. पावतीवर लिहिला आणि ती पावती लॅपटॉपला चिकटवून काउंटरवर ठेवली, येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर.

तुम्ही आधी ऐकून घेतलंत. रॅम ८ जीबी आणि मुळातली स्वॅप फाइल २ जीबीची, तिच्यात एवढं सगळं मावणार कसं, हे मला कळेल असं सांगितलंत. नुसती फाइल मोठी करून भागत नाही, ती डिस्कवर नेमकी कुठून सुरू होते हे कर्नललाही, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्यालाही, कळवावं लागतं; तेच आधी राहून गेलं होतं.

पण मनात घर करून राहिलंय ते वेगळंच. लॅपटॉपने पासवर्ड विचारला की तुम्ही लॅपटॉप माझ्याकडे फिरवायचात आणि पाठ करून फळीवरच्या स्क्रूच्या डब्या लावत राहायचात. कमांड टाकायच्या त्या काळ्या खिडकीत अक्षर सोडाच, ठिपकाही उमटत नव्हता. तरीही दर वेळी. ‘झालं, दादा’ म्हटल्याशिवाय वळला नाहीत.

आणि काम सुरू करण्याआधीच बजावलंत, ‘ताई, हायबरनेट केलं की उघडं असलेलं सगळं डिस्कवर लिहिलं जातं. तुमची डिस्क एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे पासवर्डशिवाय वाचता येणार नाही अशी, नाही. लॅपटॉप चोरीला गेला तर कुणीही वाचू शकेल. चालेल का?’ हे विचारायला कोण थांबतं, सांगा!

कुणाच्या आजोबांनी धाकट्या लेकीला काय ठेवलं, हे माझ्याकडे विश्वासाने येतं. दुसऱ्याच्या घरी उघड्या कपाटात डोकावू नये, हे आपल्याला लहानपणीच शिकवतात. धंद्यात उतरल्यावरही ते पाळणारी माणसं ठाण्यात आहेत, याचा मला फार आधार वाटला. तुमच्या आईवडिलांनाही माझा नमस्कार सांगा.

माझ्या शेजारी बसणाऱ्या ताईंचा लॅपटॉपही असाच अडतोय. सोमवारी त्यांना घेऊन येते. डिस्क एन्क्रिप्ट करायचं तेही तेव्हाच उरकू; माझ्या सगळ्या फाइलींचा बॅकअप घेऊन ठेवला आहे.

तुमची,
कोर्ट नाक्यावरची टायपिंगवाली ताई