भाऊबीजेच्या रात्रीची गाडी

पुणे

ती. बाबा आणि आई,
सा. नमस्कार.

फोनवर सांगितलं असतं तर आई नुसतं "बरं" म्हणाली असती आणि पुढचे चार दिवस "जेवलीस का" याच्या पलीकडे बोलली नसती. म्हणून लिहितेय. दिवाळीला येतेय, पाडव्याला सकाळी दारात हजर. पण भाऊबीजेला दादाला ओवाळलं की त्याच रात्री नाशिकरोडहून पंजाब मेलनं झाशीला निघणार. तिकीट काढून झालंय, तेव्हा आता 'बघू' नको.

रजा या वर्षी नाही घेतली तर वाया जाते. उन्हाळ्यात तिकडे जाणं म्हणजे भाजून निघणं. बर्थ खालचा मिळालाय, हॉटेल स्टेशनजवळ आहे. एकटी आहे, हो. पण आता पंचेचाळिशी उलटली माझी.

बाबा, तुम्हाला नेत नाहीये, हे एवढं वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले. किल्ल्याचा चढ उभा आहे आणि बायपासनंतर डॉक्टर काय म्हणाले ते आपण तिघांनीही ऐकलंय. गोडसे भटजींचा 'माझा प्रवास' माझा नाही, तुमचा आहे, हे मला माहीत आहे. फिरतीच्या नोकरीत तुम्ही तो गाडीत वाचायचात. पान मुडपायचं नाही म्हणून खुणेला तिकीट. ते पुठ्ठ्याचं, नाशिकरोड ते भुसावळ, अजून आत आहे. बरोबर तिथं, जिथं भटजी झाशीत पोचतात. भुसावळच्या पुढे साहेबांनी तुम्हाला कधी पाठवलंच नाही.

मला हा नाद लावला कोणी? मी चौथीत असताना 'स्मृतिचित्रे' पिशवीत टाकून तुम्ही लूनावरून मला जलालपूरला नेलंत. लक्ष्मीबाई टिळकांचा जन्म तिथला, १८६८ चा. बघायला काही नव्हतं. गोदावरीच्या काठी बसून तुम्ही वाचत होतात, आईनं दिलेले धपाटे मी एकटीनं संपवले आणि येताना तुमच्या पाठीला गाल लावून झोपले. तुमच्या शर्टाला तेव्हा तपकिरीचा वास यायचा. टिळकवाडीत कुसुमाग्रजांच्या घरावरून जाताना तुम्ही लूना हळू करायचात, तेही आठवतं.

भटजी १८५७ साली पेणजवळच्या वरसईहून निघाले ते घरचं कर्ज फेडायला. मथुरेला बायजाबाई शिंद्यांचा यज्ञ होणार, दक्षिणा मिळेल, एवढाच हिशोब. वाटेत बंड पेटलं. १८५८ च्या एप्रिलमध्ये झाशी पडली तेव्हा ते शहरातच अडकले होते. जवळचं लुटलं गेलं ते वेगळंच. इतकं पायी हिंडून आल्यावर लिहायला बसले ते कितीतरी वर्षांनी, आणि पुस्तक छापून आलं १९०७ मध्ये. मी मात्र रात्री झोपणार, दुसऱ्या दिवशी दुपारी झाशी. राणीमहाल, किल्ला, लक्ष्मीताल, आणि ज्या गणपतीच्या देवळात राणीचं लग्न लागलं असं सांगतात ते देऊळ, एवढं बघायचंय. शहरातल्या गल्ल्यांतून ते पुस्तक हातात धरून फिरणार आहे.

आणि आई, भटजी शेवटी गंगेची कावड घेऊन घरी आले आणि आईवडिलांना त्या पाण्यानं न्हाऊ घातलं, ही गोष्ट तू मला सोयीनं ऐकवतेस. झाशीला गंगा नाही. बेतवा आहे, तीही पलीकडे ओरछ्याला. बाटलीभर आणते, पण ते पाणी उकळल्याशिवाय तोंडात घालायचं नाही.

आता ऐका. मी नसताना पोळ्यांच्या मावशी दोन्ही वेळा येतील, त्यांच्याशी बोलून झालंय. मिठाचा डबा मी वरच्या फळीवर ठेवणार, बाबा, स्टुलावर चढून तो काढायचा नाही. रक्तदाबाची गोळी न्याहारीनंतर, आधी नाही. सावाना वाचनालयात जायचं तर रिक्षानं, टिळक पथावर पायी नाही. काकूच्या वेळेसारखं मला सगळं आटोपल्यावर कळवलेलं चालणार नाही, रात्री दोन वाजले असले तरी फोन करायचा. नाशिकरोडला मला सोडायला यायचं नाही, थंडी असते. आईनं डबा दिलाच तर दोनच धपाटे.

किल्ल्यावर पोचले की फोन लावेन. तुम्ही चष्मा लावून बसा, आणि कुठलं पान उघडू ते तिथून सांगा. चिडला असाल तर गप्प बसू नका बाबा, चक्क ओरडा.

पुस्तक कपाटातून काढून ठेवा. नवं कव्हर घालत बसू नका. आणि ते तिकीट आहे तिथंच राहू द्या.

तुमची,
धाकटी