ओसरीवर बसलेल्या आशाताईंना (म्हणजे गावच्या आरोग्य-कार्यकर्तीला)

ताई,
स. न. वि. वि.

प्रबंध लिहायला घेतलाय. त्यातलं एक प्रकरण तुमच्यामुळे उभं राहिलं, म्हणून हे पत्र.

"दुसऱ्या जातीची सून चालेल का?" असं थेट विचारलं की घरोघरी एकच उत्तर: "आता कुठं राहिलीय जात!" अमेरिकेत १९९१च्या एका सर्वेक्षणात यावर वाट काढली होती. यादी वाचून दाखवायची आणि यातल्या किती गोष्टींचा राग येतो, तेवढा आकडा विचारायचा. कोणत्या, ते नाही. निम्म्यांना तीन गोष्टी: पेट्रोलवरचा वाढता कर, खेळाडूंचे गडगंज करार, प्रदूषण करणाऱ्या कंपन्या. उरलेल्यांना आणखी एक: शेजारी कृष्णवर्णीय कुटुंब राहायला येणं. दोन्ही गटांच्या सरासरीतला फरक म्हणजे त्या चौथ्या गोष्टीचा राग येणाऱ्यांचं प्रमाण. दक्षिणेतल्या गोऱ्यांमध्ये ते सुमारे ४२ टक्के निघालं.

पण आपल्या गावात यादीत काय घालायचं? एखादीला सगळ्याचाच राग आला तर आकड्यावरूनच ती उघडी पडते. म्हणून एकमेकींना छेद देणाऱ्या गोष्टी हव्यात, हे पुस्तकात असतं, गोष्टी नसतात. तुम्ही भाकरी थापता थापता सांगितलंत: "सुनेनं दिवसभर मोबाइल बघणं टाका, अन् सासूनं प्रत्येक कामात बोलणं टाका. दोन्हींचा राग एकीलाच येतोय होय?" मग सगळ्यांनाच डाचणारं दारूचं दुकान, आणि कुणालाच न खटकणारं, लेकीनं सायकलवर शाळेला जाणं. पाचवी गोष्ट, दुसऱ्या जातीची सून, फक्त निम्म्या घरांत, चिठ्ठ्या टाकून.

आणि सासूबाई! सून पदराआड बोटं मोजायची, तेवढ्यात तुम्ही म्हातारीला ओसरीवर घेऊन गोळ्यांची चौकशी करायचात. ही युक्ती कुठल्याच पुस्तकात नाही.

"म्हणजे कुणाच्या मनात काय, ते तुम्हाला कळणारच नाही?" असं तुम्ही विचारलं होतंत. नाहीच कळत. एकेकीचं झाकलेलं राहतं, कळला तर गावाचा अंदाज कळतो, तोही भरपूर घरं फिरल्यावर. पद्धत जराशी लबाड आहे खरी, पण थेट प्रश्नावर मिळणाऱ्या गोडगोड उत्तरांपेक्षा मला ती बरी वाटते.

ऋणनिर्देशात तुमचं नाव घालू का, विचारलं तर म्हणालात, "नको, गाव ओळखू येईल." म्हणून इथंही ते लिहीत नाही.

तुमची,
सर्वेक्षणवाली