बॅटरी मे महिन्यात खचते, कळते डिसेंबरात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळी सरली की हिवाळ्यात गाडीची काळजी कशी घ्यावी याच्या याद्या मोबाइलवर फिरू लागतात. त्यातल्या बऱ्याच बर्फाच्या मुलखासाठी लिहिलेल्या असतात. कूलंट गोठू नये म्हणून काय करावं, काचेवरचा बर्फ कसा खरवडावा, असं त्यात असतं. मराठवाड्याला यातलं फारसं काही लागू नाही. परभणीत कृषी विद्यापीठाच्या आवारात पारा ५-६ अंशांवर आला की त्याची बातमी होते, आणि कित्येकदा त्याच दिवशी दुपारी अंगातला स्वेटर काढावा लागतो. आपली थंडी पहाटेची, काही तासांची. पण तिच्याआधी गाडीनं ४२-४३ अंशांचा उन्हाळा सोसलेला असतो. हिवाळ्यात आपल्याकडे जे बिघाड वर येतात, ते बहुतेक त्या उन्हाळ्यानं केलेले असतात. वाचकांनी गाडीकडे या नजरेनं पाहावं, म्हणून हे पत्र.

सगळ्यात आधी बॅटरी. पहाटे सेल्फ मारला की नुसती टकटक होते आणि दोष थंडीला दिला जातो. खरं तर बॅटरीतली झीज तापमानाबरोबर वाढते. दर १० अंशांना ती जवळपास दुप्पट होते असा ठोकताळा आहे. एप्रिल-मेमध्ये बोनेटखाली बाहेरच्यापेक्षा कितीतरी जास्त तापतं. पाणी उडतं, प्लेटांच्या जाळ्या आतून गंजतात. पण उन्हाळ्यात इंजिनचं ऑइल पातळ असतं, सेल्फवर भार कमी पडतो, त्यामुळे अर्धमेली बॅटरीही गाडी चालू करून देते. डिसेंबरात पहाटे ८-१० अंशांना ऑइल घट्ट होतं, इंजिन फिरवायला जास्त जोर लागतो, आणि नेमकी त्याच वेळी बॅटरीची ताकद १५-२० टक्क्यांनी उतरलेली असते. मग बिंग फुटतं.

तपासायला साधा मल्टीमीटर पुरतो. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी सकाळी, काहीही चालू न करता मोजा. १२.६ व्होल्ट किंवा वर असेल तर ती पूर्ण भरलेली आहे. १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी. १२ च्या आसपास असेल तर ती जवळजवळ रिकामी समजा. मग कुणाला तरी सेल्फ मारायला सांगून काटा पाहा. सेल्फ फिरत असताना व्होल्टेज साडेनऊच्या खाली जात असेल, तर बॅटरी चार्ज करून पुन्हा एकदा हीच चाचणी घ्या. तरी पडत असेल तर ती बदलायला झाली आहे. गाडी चालू झाल्यावर १३.८ ते १४.५ यायला हवेत. त्याहून कमी आले तर बॅटरीच्या आधी अल्टरनेटर (चालत्या गाडीत बॅटरी भरणारा) आणि त्याचा पट्टा पाहा. नव्या काही गाड्यांत चार्जिंग संगणक ठरवतो आणि आकडा थोडा खालीवर होतो, तेवढ्यावरून घाबरू नका. नुसता व्होल्टेज पाहून नवी बॅटरी गळ्यात मारणारे दुकानदार आहेत. त्यांना लोड टेस्ट, म्हणजे बॅटरीवर भार टाकून घेतलेली चाचणी, करून दाखवायला सांगा. नवी घेताना तिची बनवल्याची तारीखही विचारा. दुकानात वर्षभर पडून राहिलेली बॅटरी नवी नसते.

झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर पाणी खुणेपर्यंत ठेवा. फक्त डिस्टिल्ड वॉटर टाका. आरओचं पाणी शुद्ध आहे म्हणून टाकणारे पुष्कळ आहेत, काही जण एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी साठवून टाकतात. दोन्हींत क्षार किंवा धातूचा अंश राहतो आणि प्लेटा खराब होतात. ॲसिड तर कधीच टाकू नये. उन्हाळ्यात उडतं ते पाणी, ॲसिड आतच राहतं. वरून आणखी ॲसिड ओतलं की उरलेलं आयुष्यही संपतं.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी जमली असेल तर कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून जुन्या ब्रशनं घासा, कोरडं करा, नट घट्ट आवळा आणि वर व्हॅसलिनचा पातळ हात द्या. काढताना ऋण टोक आधी, लावताना ऋण टोक शेवटी. उलट केलं तर धन टोकावरचा पाना गाडीच्या पत्र्याला लागून मोठी ठिणगी उडते. बॅटरी संपली असं वाटलेल्या किती गाड्यांत दोष फक्त सैल टर्मिनलचा असतो!

उभी गाडी बॅटरी हळूहळू पीत असते, हेही लक्षात ठेवा. घड्याळ, अलार्म, सेंट्रल लॉक यांना मिळून ५० मिलीअँपिअर लागतात असं धरलं, तर दिवसाला १.२ अँपिअर-तास जातात. छोट्या पेट्रोल गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची. दहा दिवसांच्या लग्नकार्यात गाडी उभी राहिली तर तिसरा हिस्सा संपला. रोज शाळेपर्यंत तीन किलोमीटर जाऊन-येऊन करणाऱ्या गाडीचंही तेच. सेल्फनं घेतलेलं परत भरायच्या आत गाडी बंद होते. अशांनी आठवड्यातून एकदा २५-३० मिनिटं सलग रस्त्यावर चालवावी. दारात नुसती चालू ठेवून विशेष काही भरत नाही.

सकाळी सेल्फ मारण्याआधी दिवे, ब्लोअर, टेप बंद ठेवा आणि क्लच पूर्ण दाबा. सेल्फ एका वेळी पाच सेकंदांपेक्षा जास्त धरू नका, मध्ये अर्धा मिनिट थांबा. डिझेल गाडीत चावी फिरवल्यावर पिवळ्या कॉइलचं चिन्ह विझेपर्यंत थांबायचंच. ते विझूनही इंजिन खोकत, पांढरा धूर टाकत चालू होत असेल तर एखादा हीटर प्लग गेलेला असतो.

केबल लावून गाडी चालू करायची असेल तर क्रम पाळा. लाल केबल आधी बंद गाडीच्या धन टोकाला, मग चांगल्या गाडीच्या धन टोकाला. काळी चांगल्या गाडीच्या ऋण टोकाला, आणि शेवटचा चिमटा बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. शेवटच्या चिमट्याशी ठिणगी उडते आणि बॅटरीतून हायड्रोजन निघतो, म्हणून हे लांब लावणं. खेड्यात मदतीला ट्रॅक्टर चालतो, त्याची बॅटरी १२ व्होल्टची असते. मोठ्या ट्रकला किंवा बसला मात्र हात लावू नका. तिथे २४ व्होल्ट असतात, गाडीचा संगणक जळतो आणि तो बदलायचा खर्च नव्या बॅटरीच्या कितीतरी पट येतो. धक्का मारून चालू करणं हा शेवटचा उपाय, आणि तोही फक्त गिअरच्या गाडीला. पेट्रोल गाडी वारंवार ढकलली तर न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे धूर साफ करणाऱ्या डब्यात, जाऊन तो खराब करतं.

गाडी चालू झाल्यावर दहा मिनिटं जागेवर गरम करायची पद्धत कार्बोरेटरच्या काळातली. आता अर्धा ते एक मिनिट पुरे. मग निघा, पण तापमानाचा निळा दिवा विझेपर्यंत ॲक्सिलरेटर हलका ठेवा. गार इंजिनला पेट्रोल जास्त जातं. जागेवर जितकं जास्त चालवाल तितकं ते सिलेंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन काढतं. ऑइलही पुस्तकात दिलंय त्याच ग्रेडचं टाका. गाडी जुनी झाली म्हणून जाड ऑइल टाकलं तर पहाटेचे पहिले काही सेकंद ते वरपर्यंत पोचतच नाही.

आता उन्हाळ्यानं केलेली दुसरी गोष्ट. मे महिन्यात गाडी तापते म्हणून आपल्याकडे सर्रास थर्मोस्टॅटचा वॉल्व्ह (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा) काढून टाकला जातो आणि नंतर तो कुणी परत बसवत नाही. हिवाळ्यात अशा गाडीचा तापमानाचा काटा वर चढत नाही, हीटरमधून कोमटच हवा येते, ॲव्हरेज पडतं आणि लोक इंजेक्टर साफ करत बसतात. दहा-पंधरा किलोमीटर गेल्यावरही काटा खालीच असेल तर आधी वॉल्व्ह जागेवर आहे का ते विचारा. मुळात गाडी तापायला कारण बहुतेकदा रेडिएटरमध्ये भरलेलं बोअरचं पाणी. आपल्या जमिनीतलं क्षाराचं पाणी रेडिएटरच्या नळ्यांत आणि हीटरच्या जाळीत थर धरतं. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरा. आपल्याला ते गोठू नये म्हणून नको आहे, गंज टाळायला आणि उकळबिंदू वाढवायला हवं आहे. म्हणजे ते बाराही महिने लागतं.

टायरमधली हवा दर ५-६ अंशांना साधारण एक पौंड कमी होते. उन्हाळ्यात दुपारी ४० अंशांत भरलेले ३३ पौंड हिवाळ्यात पहाटे १० अंशांत २८ च्या आसपास येतात, पंक्चर नसताना. म्हणून हवा सकाळी, गाडी दोन-तीन किलोमीटरच्या वर चालायच्या आत भरा. आकडा चालकाच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतो. नायट्रोजन भरला म्हणून यातून सुटका नाही, तोही गार झाला की तितकाच आकसतो. समृद्धी महामार्गावर जाण्याआधी तर हे तपासाच. कमी हवेचा टायर १०० च्या वेगात बाजूनं सतत दुमडतो आणि तापून फुटतो.

शेकोटीचं एक महत्त्वाचं. रात्री गाडी बाजूला घेऊन काचा बंद, इंजिन चालू, हीटर लावून झोपू नका, आणि विस्तवाचं घमेलं गाडीत घेऊ नका. कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो. झोपेतल्या माणसाला काही कळायच्या आत तो जातो. शटर लावलेल्या गॅरेजात इंजिन चालू ठेवणंही तितकंच घातक आहे.

लातूर-धाराशिवकडे येळवशीला (वेळ अमावास्येला) सगळा गाव गाड्या घेऊन शेतात जातो. गाडी वाळलेल्या पाचटावर, कडब्यावर किंवा गवतावर उभी करू नका. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काहीशे अंशांपर्यंत तापलेला असतो आणि वाळलं पाचट त्याला खालून टेकतं. नांगरलेली किंवा उघडी जमीन पाहून लावा. खरिपाची सुगी झाली की उंदीरही ऊब शोधत बोनेटखाली येतात. आठवड्यातून एकदा बोनेट उघडून एअर फिल्टरचा डबा आणि वायरी पाहा. सकाळी बोनेटवर दोन थापा मारल्या तर आत झोपलेलं मांजर वाचतं.

आणि आता काच आणि दिवे, कारण जीव जातात ते इथे. वायपरचं रबर उन्हात कडक झालेलं असतं. दवात धूळ मिसळून काचेवर चिखलाचा थर येतो. कोरडा वायपर फिरवला तर ओरखडे पडतात, आधी पाणी मारा. आतून धुरकटलेली काच हातानं पुसू नका. हवा समोरच्या काचेवर घ्या, तापमान गरम करा, एसी चालू ठेवा आणि हवा बाहेरून येऊ द्या. हिवाळ्यात एसी कशाला, असं वाटतं, पण हवेतला ओलावा एसीच काढतो. आतल्याच हवेवर ठेवलं तर चार माणसांच्या श्वासानं काच पुन्हा धुरकट होते.

हेडलाइटच्या प्लॅस्टिक काचा उन्हानं पिवळ्या पडतात आणि उजेड बराच घटतो. १००० आणि मग २००० नंबरचा पाणपेपर ओला करून घासा, पॉलिश मारा. तासाभराचं काम आहे. धुक्यात डिपरच ठेवा. अपर लावला तर उजेड धुक्यावर आपटून डोळ्यांत येतो. चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावू नका, मागच्याला तुम्ही थांबला आहात की वळताय ते कळत नाही.

वेगाचं गणित असं. ताशी ६० ला दचकून ब्रेकवर पाय जाईपर्यंत २५ मीटर जातात आणि गाडी थांबायला आणखी २०. म्हणजे ४५. ताशी ८० ला हेच ६८-७० होतात. डिपरमध्ये विनादिव्याची वस्तू ५० मीटरवर दिसली तरी पुष्कळ. गंगाखेड, पाथरी, माजलगाव, गेवराई या गोदाकाठच्या आणि कालव्याच्या पट्ट्यात पहाटेचं धुकं धरतं, आणि नेमक्या त्याच दिवसांत साखर कारखान्यांचं गाळप चालू असतं. दोन ट्रॉल्या जोडलेला उसाचा ट्रॅक्टर, मागे दिवा नाही, उसाचे शेंडे बाहेर लोंबलेले. ८० च्या वेगातल्या गाडीला तो दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो. या पट्ट्यात अंधारात ५० च्या वर जाऊ नये.

पण सगळा भार गाडीवाल्यावर टाकता येणार नाही. ट्रॉलीच्या मागच्या फाळक्यावर दोन इंची लाल रेडियम पट्टी आडवी लावायला पाच मिनिटं लागतात. ऊस भरल्यावर फाळकं झाकलं जातं, म्हणून एक पट्टी खाली चेसिसच्या आडव्या पट्टीवरही हवी. बैलगाडीच्या जुवाला आणि मागच्या साट्यालाही ती लावता येते. प्रत्येक ट्रॉली कारखान्याच्या वजनकाट्यावरून जातेच. पट्टी नसेल तर रिकामी ट्रॉली काट्यावरून बाहेर सोडायची नाही, एवढा नियम कारखान्यांनी आपला आपण करावा. पंक्चर काढताना चाकाला लावलेले दगड ट्रॉली निघून गेल्यावर रस्त्यातच राहतात, ते उचलायचं कामही ऊसतोड मुकादमांनी चालकांना बजावून सांगावं. हंगाम अजून मार्चपर्यंत चालेल, आणि धुक्याच्या पहाटा अजून पुष्कळ आहेत.

आपला,
एक मोटार मेकॅनिक, परभणी