ऊसतोडीच्या गावातील शाळेचा पट

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कमी पटाच्या जिल्हा परिषद शाळांविषयी आपल्या वृत्तपत्रात अधूनमधून बातम्या आणि वाचकांची पत्रे प्रसिद्ध होत असतात. वीसपेक्षा कमी विद्यार्थी असलेल्या शाळा जवळच्या मोठ्या शाळेत सामावून समूह शाळा कराव्यात, हा विचार २०२३ पासून शासनस्तरावर मांडला जात आहे आणि त्याच्या बाजूने लिहिणारेही पुष्कळ आहेत. त्यांच्या म्हणण्यात काहीच तथ्य नाही, असे मी म्हणणार नाही. परंतु ऊसतोड कामगारांच्या गावात पट वर्षभर सारखा राहत नसतो, आणि तो कोणत्या महिन्यात पाहिला यावर शाळेविषयीचे मत ठरते, ही गोष्ट या चर्चेत कुणी मांडलेली माझ्या वाचनात आली नाही. बीड जिल्ह्यातील शिरूर कासार तालुक्यात एका वस्तीवरच्या चौथीपर्यंतच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीत मी पालक सदस्य आहे. २०२४-२५ हे वर्ष आमच्या शाळेने कसे काढले ते सांगितले, म्हणजे माझा मुद्दा स्पष्ट होईल.

पंधरा जूनला शाळा उघडली. पहिलीत येणाऱ्या मुलांच्या पावलांचे ठसे कागदावर घेतले, बालभारतीची पुस्तके वाटली, गोड जेवण झाले. दोन शिक्षक आणि चार वर्ग असल्यामुळे पहिली-दुसरी एका खोलीत आणि तिसरी-चौथी दुसऱ्या खोलीत बसते, ते नेहमीप्रमाणे सुरू झाले. त्या वर्षी गणवेश मध्यवर्ती पद्धतीने शिवून यायचे होते. ते वेळेवर आले नाहीत आणि १५ ऑगस्टचे झेंडावंदन मुलांनी जुन्याच कपड्यांत केले. पुढे डिसेंबर २०२४ मध्ये शासनाने गणवेशाचा अधिकार शाळा व्यवस्थापन समित्यांना परत दिला, हे बरे झाले. पोर समोर उभे करून माप घेणारा शिंपी आमच्या बाजाराच्या गावात आहे आणि उसवलेली शिवणही तो तेथल्या तेथे घालून देतो.

आमच्याकडे शाळेचे खरे वर्ष सप्टेंबरात ठरते. पावसाळ्यातच ऊसतोडीच्या टोळ्या नेणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेतलेली असते आणि गौरी-गणपतीपर्यंत कोणता कोयता, म्हणजे ऊस तोडणारी नवरा-बायकोची जोडी, कोणत्या कारखान्याला जाणार हे घरोघर माहीत झालेले असते. कुणी कोल्हापूर-सांगलीकडे, कुणी सोलापूर-पुण्याकडे, तर कुणी थेट बेळगावकडे. याच महिन्याच्या ३० तारखेचा पट संचमान्यतेसाठी धरला जातो, म्हणजे शिक्षकांची पदे त्यावर ठरतात. आणि त्यातही ज्या मुलाचे आधार जुळते तेच मोजले जाते. एखाद्याच्या आधारवर जन्मतारीख चुकलेली असते, एखाद्याचे आधार आईबापाच्या धावपळीत काढायचेच राहिलेले असते. ते मूल रोज वर्गात बसते, खिचडी खाते, पाढे म्हणते, पण पटाच्या हिशेबात त्याला जागा नसते.

याच दिवसांत आम्ही समितीचे लोक घरोघरी फिरून हंगामी वसतिगृहासाठी सर्वेक्षण करतो. कोणाचे आईबाप जाणार, मूल मागे कोणाजवळ राहणार, आजीला दिसते का, आजोबा हिंडते-फिरते आहेत का, हे सगळे विचारून यादी करावी लागते. वाचकांना वसतिगृह म्हटल्यावर खोल्या आणि खाटा डोळ्यांसमोर येतील. आमच्या वस्तीवर त्याचा अर्थ एवढाच की मुले झोपायला आजी-आजोबांकडे राहतात, दुपारी शाळेचा पोषण आहार असतो, आणि सकाळ-संध्याकाळचे जेवण या योजनेतून शाळेत मिळते. योजना साधी आहे आणि चांगली आहे. अडचण एकच, की आमचा प्रस्ताव वेळेत जाऊनही मंजुरी टोळ्या गेल्यावर येते आणि पैसे तिच्याही मागून येतात.

मंजुरीच्या तारखेला इतके महत्त्व का, ते गाडी भरण्याच्या रात्री कळते. ट्रकमध्ये भांडी, धान्याची पोती, कोपीचे म्हणजे तिकडे राहायच्या झोपडीचे बांबू, शेळी, कोंबड्यांचे खुराडे चढत असते आणि मूल ठेवायचे की न्यायचे याचा निकाल तेव्हाही लागलेला नसतो. आमच्या शेजारच्या घरी तिसरीतली मुलगी आणि तिचा धाकटा भाऊ यांच्याविषयी हेच चालले होते. बाप म्हणाला, “जेवायची सोय लागली तर ठेवतो, न्हाई तर नेतो.” आजी म्हणाली, “पोरांना निजवायचं, उठवायचं मी बघंन, पण दोन टायमाचा सैपाक माझ्यानं व्हायचा न्हाई.” आमच्या हातात मंजुरीचा कागद नव्हता. जेवण नक्की सुरू होईल, असे आम्ही तोंडी सांगितले. त्यावर मुलीला ठेवले आणि मुलाला नेले. सर्वांना ठेवून घेण्याइतका आमचा शब्द चालत नाही.

त्या वर्षी आणखी एक गाठ पडली. गाळप हंगाम १५ नोव्हेंबरला सुरू व्हायचा होता आणि विधानसभेचे मतदान २० नोव्हेंबरला होते. काही टोळ्या मतदान करून निघाल्या, काही त्याआधीच गेल्या होत्या. मुले मागे ठेवा म्हणून पालकांची समजूत घालण्याचे काम आमचे गुरुजी आणि मॅडम दरवर्षी करतात, कारण त्यांच्या शब्दाला गावात मान आहे. पण नेमक्या त्याच आठवड्यांत ते निवडणुकीच्या प्रशिक्षणात आणि कामात होते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ मध्ये जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक ही कामे शिक्षकांना देण्याची मुभा आहे, त्यामुळे तक्रारीला जागा नाही. परिणाम मात्र व्हायचा तो झालाच.

डिसेंबरपासून वर्ग निम्म्यावर आला. वसतिगृहाचे जेवण आम्ही किराणा दुकानाच्या उधारीवर सुरू केले. दुकानदार गावचाच असल्यामुळे त्याने थांबवून धरले, पण उधारीवर सरकारी योजना चालवणे हे काही समितीचे काम नव्हे. पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंचे मानधन महिना अडीच हजार रुपये. त्याच दोन वेळच्या भाकरीही थापत होत्या. आठवड्यातून एकदा मिळणाऱ्या अंड्यासाठीचा शासनाचा निधी जानेवारी २०२५ मध्ये बंद झाला. लोकसहभागातून अंडी द्या, असे म्हणणे सोपे आहे. जानेवारीत आमच्या वस्तीवर देणारे लोकच नसतात.

याच महिन्यात शाळा पाहायला एक पाहुणे आले. रिकामी बसकरपट्टी पाहून, पट फुगवलेला दिसतो, असा शेरा त्यांनी मारला. गुरुजींनी हजेरीपत्रक पुढे केले, जून ते ऑक्टोबरची हजेरी दाखवली, कोण कोणत्या कारखान्याला गेले ते नावानिशी सांगितले. परंतु डोळ्यांना दिसलेल्या रिकाम्या वर्गापुढे कागदाचे काय चालणार?

जी मुले आईबापांबरोबर जातात, त्यांच्यासाठी शिक्षण हमी कार्ड आहे. ते दाखवून मुलाने कारखान्याजवळच्या शाळेत बसावे, अशी अपेक्षा असते. पूर्वी काही ठिकाणी साखरशाळा चालत, शिक्षण हक्क कायद्यानंतर त्या मागे पडल्या आणि नियमित शाळेत प्रवेश हाच मार्ग राहिला. कागदावर तो योग्यच आहे. पण आई पहाटेच्या अंधारात उसाच्या फडात जाते, कोपीत लहान भावंड असते, शाळा दोन-तीन किलोमीटरवर असते आणि टोळीचा फड तर सतत बदलत असतो. सात-आठ वर्षांचे मूल हमी कार्ड घेऊन अनोळखी गावच्या शाळेत रोज एकटे जाईल, हे ज्यांना शक्य वाटते त्यांनी एकदा हंगामात कोपीवर मुक्काम करून पाहावा.

२०२४-२५ मध्ये ऊस कमी असल्याने कारखान्यांचा पट्टा लवकर पडला, म्हणजे गाळप लवकर संपले, आणि मुले फेब्रुवारीच्या अखेरीपासून परतू लागली. वार्षिक परीक्षा त्या वर्षी २५ एप्रिलपर्यंत लांबवली होती. उन्हाच्या कारणावरून तिच्यावर टीका झाली आणि मराठवाड्यातला एप्रिल पाहता ती रास्त होती; तरीही आमच्यापुरते बोलायचे तर त्या जादा दिवसांनी परतलेल्या मुलांना वर्गात बसायला वेळ मिळाला. शेजारचा तो धाकटा मुलगाही आला. दुसरीतला हा पोरगा चाऱ्यासाठी विकायच्या वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या शेंड्याच्या, पेंढ्या बापाबरोबर मोजत असे, त्यामुळे शेकड्यात किती आणि त्याचे पैसे किती हे तोंडी झटकन सांगत होता. पुस्तक उघडले की मात्र जोडाक्षरावर अडत होता. मागे राहिलेली त्याची बहीण धडा सलग वाचत होती. एकाच घरातल्या दोन मुलांत हे अंतर एका हंगामाने पाडले.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. आमची शाळा तीन-चार किलोमीटरवरच्या गावात मिळवली, तर तेथे इमारत चांगली असेल, वर्गाला स्वतंत्र शिक्षक असेल आणि कदाचित गाडीचीही सोय होईल. पण मूल मागे ठेवायला पालक तयार होतो तो शाळा घराच्या अंगणाला लागून आहे म्हणून. आजीला ओट्यावरून मुले दिसतात, ताप आला तर गुरुजी हाक मारतात, संध्याकाळचे जेवण शाळेतच होते. हे तुटले की आजी सांभाळायला नकार देणार आणि मुले ट्रकमध्ये चढणार. प्राथमिक शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत असावी, हा राज्याच्या नियमांतला निकष आमच्या गावांना सर्वांत जास्त लागू पडतो. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजनेत ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहे मंजूर आहेत आणि तिचे मी स्वागतच करतो, परंतु ती मोठ्या मुलांच्या कामाची आहे. सहा-सात वर्षांच्या लेकराला तालुक्याच्या वसतिगृहात कोण ठेवील?

म्हणून आमची मागणी एवढीच आहे, की स्थलांतर होणाऱ्या गावांतील शाळांचा निर्णय कोणत्याही एका दिवसाच्या पटावरून किंवा एका भेटीवरून होऊ नये. आधार नसलेले पण हजर असलेले मूल मोजले जावे. आणि हंगामी वसतिगृहाची मंजुरी व पहिला हप्ता दिवाळीपूर्वी, म्हणजे गाड्या भरण्याआधी, समितीच्या हातात पडावा. यातल्या शेवटच्या मागणीला नवा पैसा लागत नाही, तोच पैसा दोन महिने आधी लागतो.

आपल्या वृत्तपत्राला एक विनंती आहे. कमी पटाच्या शाळांवर पुन्हा लिहिण्याचे ठरले, तर आपल्या वार्ताहराला अशा एखाद्या शाळेत एकदा सप्टेंबरात आणि एकदा जानेवारीत पाठवावे आणि दोन्ही वेळचे हजेरीपत्रक शेजारी शेजारी छापावे.

कळावे,
आपला विश्वासू,
शाळा व्यवस्थापन समितीतील एक पालक,
ता. शिरूर कासार, जि. बीड