तुझ्या वहीतल्या मोकळ्या जागा

वेंगुर्ले,
कार्तिक शुद्ध एकादशी

चि. सायली हिस बाबांचे अनेक आशीर्वाद.

दिवाळीची सुट्टी संपवून तू गेलीस त्याला आज चार दिवस झाले. कुडाळ स्थानकावर गाडी फलाटाला लागत असताना तू घाईघाईने जे सांगितलेस, ते घरी परतेपर्यंत आणि त्यानंतरही माझ्या मनात घोळत राहिले आहे. कला महाविद्यालयातल्या फाउंडेशनच्या, म्हणजे पायाभूत वर्षाच्या वर्गात तुझे काम तपासताना सर म्हणाले, की काम नेटके आहे, मापे अचूक आहेत, पण या कागदावर तू कुठे आहेस ते दिसत नाही. वर्गातल्या दोघातिघांची चित्रे नाव न वाचता ओळखता येतात, इन्स्टाग्रामवर शेकडो लोक ती पाहतात, आणि आपल्याला मात्र अजून स्वतःची शैलीच नाही, असे तू म्हणालीस. तेवढ्यात गाडी सुटली. फोनवर हे नीट बोलता येणार नाही, म्हणून लिहितो आहे.

सरांचा प्रश्न मला रास्त वाटतो, परंतु तू त्याचा घेतलेला अर्थ मला पटत नाही. तू कुठे आहेस, असे त्यांनी विचारले होते; तुझी शैली कुठे आहे, असे तू ऐकलेस. तुझ्या अभ्यासक्रमाची पुस्तिका घरी राहिली होती, ती मी वाचून काढली आणि हे पायाभूत वर्ष मुळात आले कुठून, याचाही थोडा शोध घेतला. जर्मनीत वायमार येथे १९१९ मध्ये बाउहाउस ही कला आणि कारागिरीची शाळा सुरू झाली, तेव्हा योहानेस इटेन या स्विस चित्रकाराने नव्या विद्यार्थ्यांसाठी एक प्राथमिक वर्ग सुरू केला. पुढे सुतारकाम शिकायचे असो की विणकाम, आधी या वर्गातून जावे लागे. तेथे मुले लाकूड, लोकर, काच, पिसे हाताळून खरखरीत आणि गुळगुळीत, उजेड आणि अंधार असे विरोध शोधत, आणि रेघ ओढण्यापूर्वी श्वासाचे व्यायाम करीत. १९२३ नंतर योझेफ आल्बर्स तेथे शिकवू लागले. ते मुलांपुढे नुसता कागद ठेवत आणि घडी व काप एवढ्याच्या बळावर तो कसा उभा राहतो, हे त्यांना शोधायला लावत. या वर्गांतून कोणी शैली घेऊन बाहेर पडावे, अशी अपेक्षा नव्हती. आधीच्या शिक्षणाने हाताला लागलेली वळणे सैल व्हावीत आणि खाली काय आहे ते विद्यार्थ्याला स्वतःला दिसावे, एवढ्यासाठी तो खटाटोप होता.

तुझ्या हाताला लागलेले वळण मी लावलेले आहे, हेही येथेच सांगतो. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांसाठी वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र यांचा सराव मी तुझ्याकडून रोज संध्याकाळी करून घेतला. परीक्षकाला काय हवे ते आपल्याला ठाऊक होते आणि तू ते चोख दिलेस. तुला ‘अ’ श्रेणी मिळाली, मला समाधान वाटले, आणि तू स्वतःहून काय काढतेस हे त्या वर्षांत मी पाहिले नाही.

हाताची ओळख ही काय वस्तू आहे, हे मी एका चुकीतून शिकलो. आजोबांच्या पश्चात गणपतीची शाळा, म्हणजे मूर्ती घडवण्याचा आपला कारखाना, माझ्याकडे आली, तेव्हा मी पंचविशीत होतो. मुंबईच्या मोठ्या मंडळांच्या मूर्तींची छायाचित्रे मिळवून त्या वर्षी मी घरगुती मूर्तींनाही तसाच मुकुट, तशाच पितांबराच्या चुण्या आणि सोंडेचे तेच वळण दिले. मूर्ती देखण्या झाल्या होत्या. चतुर्थीच्या आदल्या दिवशी वरच्या वाडीतल्या एक आजी आपला गणपती न्यायला आल्या. पाटावरच्या मूर्तीकडे त्या बराच वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, “गणपती बरो आसा रे, पण तुझ्या हातचो वाटणा नाय.” माझ्या हाताला काही ओळख आहे, हेच मला तोपर्यंत ठाऊक नव्हते. नंतर मी त्यांच्या घरी जाऊन विचारले. त्यांनी सांगितले, की माझ्या आधीच्या मूर्तींची मान किंचित पुढे झुकलेली असे, समोरच्याचे गाऱ्हाणे ऐकत असल्यासारखी. मी ते कधी ठरवून केलेले नव्हते. मूर्ती जमिनीवरच्या पाटावर ठेवून आणि स्वतः उंच स्टुलावर बसून मी माती लावत असे. माझी नजर वरून पडे, म्हणून मान पुढे येत असे. माझ्या बसण्याच्या सवयीतून ते आले होते, आणि ते मला दिसण्याआधी त्या आजींना दिसले होते.

म्हणून तू गेल्यावर मी माळ्यावरची ट्रंक खाली काढली. तुझ्या पाचवीपासूनच्या अकरा चित्रवह्या तीत आहेत. परीक्षेच्या सरावाचे कागद मी बाजूला काढून ठेवले आणि तू कोणी न सांगता काढलेली पाने तेवढी ओसरीवर पसरली. दोन दिवस ती तशीच होती; तुझी आई त्यांना वळसा घालून ये-जा करीत होती.

पाचवीत असताना तू किनाऱ्यावरची रापण, माणसांनी मिळून ओढायचे मासेमारीचे मोठे जाळे, काढली आहेस. माणसे नीट काढलेलीच नाहीत, त्यांच्या फक्त कडा आहेत. दोन माणसांच्या मधला वाळूचा तुकडा मात्र तू एकेक करून छटा देत भरला आहेस. सातवीच्या वहीत मामांची पोफळीची बाग आहे, आणि तेथेही खोड कोरे सोडून खोडांच्या मधला उजेड रंगवला आहे. चिऱ्याच्या, म्हणजे जांभा दगडाच्या खाणीचे चित्र मला सर्वांत अधिक आवडले. चिरे काढून नेल्यावर जमिनीत उरलेला पायऱ्यापायऱ्यांचा चौकोनी खड्डा तू काढलास, आणि काठावर रचून ठेवलेल्या चिऱ्यांना एका रेघेत उरकलेस. दशावतारी नाटकाच्या रंगपटात कलाकार आरशासमोर आपला चेहरा स्वतः रंगवत असतो, त्या चित्रात रंग लागलेल्या चेहऱ्यापेक्षा कानाजवळ रंगवायची राहिलेली पट्टी तू जास्त काळजीने काढली आहेस. राजापूर तालुक्यात कशेळीच्या सड्यावर आपण भर पावसाळ्यात गेलो होतो, ते तुला आठवत असेल. कातळात कोरलेला तो हत्ती सुमारे १८ मीटर लांब आहे आणि त्याच्या देहाच्या आत इतर अनेक प्राणी कोरलेले आहेत. आम्ही मोठी माणसे ते मोजण्यात गुंतलो होतो. तुझ्या वहीत हत्ती नाही. खोदलेल्या रेघांत साचलेले पाणी आहे, आणि त्या पाण्यात आभाळ आहे.

सायली, वस्तू जेथे संपते तेथून तुझे चित्र सुरू होते. दोन वस्तूंमधली फट, काढून नेलेल्या गोष्टीची रिकामी जागा, भरायचे राहून गेलेले काहीतरी, याकडे तुझा हात पुन्हा पुन्हा वळतो. पाचवीतल्या मुलीने हे ठरवून केलेले असणे शक्य नाही, आणि सात वर्षे ते टिकून राहिले आहे. परीक्षेच्या सरावाच्या कागदांत मात्र ते एकदाही आलेले नाही. सरांना तू ज्या कागदांवर दिसत नाहीस, ते याच सरावाच्या वळणाचे असावेत, असे मला वाटते.

ही नजर नुसती कवितेची गोष्ट नाही, संकल्पनाच्या, म्हणजे डिझाइनच्या कामात ती रोज लागते. सावंतवाडीच्या राजवाड्यात आपण गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते, रंगवताना पाहिल्या होत्या. दशावतारी गंजिफेत १२० पाने असतात, दहा अवतारांची प्रत्येकी बारा, त्यांत राजा आणि प्रधान वगळता बाकीची दहा पाने त्या त्या अवताराच्या खुणेची, एक ते दहा अशी. तळहातात मावणाऱ्या गोल पानावर मत्स्यावताराचे दहा मासे बसवायचे, आणि तेही असे, की खेळणाऱ्याला ते एका नजरेत मोजता यावेत. मासा काढणे त्यातले सोपे काम आहे. दोन माशांमध्ये किती जागा सोडायची आणि गोलाच्या कडेशी किती, यावर ते पान उभे राहते. अक्षरलेखनात दोन अक्षरांमधली जागा, मांडणीत मजकुराभोवतीची, वस्तू घडवताना मुठीच्या आतली, ही सगळी तुझीच कामे आहेत.

मैत्रिणींनी तुला सुचवले, की तू कोकणातली आहेस, तर कामात कोकण आण, चित्रकथीच्या आकृत्या घाल, म्हणजे वेगळेपण दिसेल. त्यांचा हेतू चांगला असला तरी मी तुला तसे करू देऊ इच्छित नाही. कुडाळजवळच्या पिंगुळीच्या ठाकर मंडळींची चित्रकथी ही पाहण्यापुरती चित्रे नाहीत. एका कथेच्या चित्रांचा संच म्हणजे पोथी. चित्रे पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात, आणि एक दाखवून झाले की उलटून दुसरे, असे करीत वीणा, टाळ आणि हुडुक हे छोटे चर्मवाद्य यांच्या साथीने रामायण-महाभारतातले आख्यान गायले जाते. परशुराम गंगावणे यांनी आपल्या गोठ्याचे संग्रहालय करून ही कला जपली आणि २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्या कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेल्या आकृत्या तू सबमिशनच्या कोपऱ्यात चिकटवल्यास, तर कोकणही दिसणार नाही आणि तूही दिसणार नाहीस. मे महिन्यात आपण पिंगुळीला जाऊ. तू तेथे बसून आख्यान ऐक, आणि समोरासमोर उभ्या असलेल्या दोन पात्रांच्या मधली जी जागा गायकाचा आवाज भरून काढतो, तिच्याकडे पाहा. तुझ्या कामात कोकण यायचे असेल, तर ते तेथून येईल.

दुसऱ्यांचा प्रभाव पडतो म्हणून तू घाबरली आहेस, असेही मला जाणवले. चित्रकार प्रभाकर बरवे आपल्याच कोकणपट्टीतले, अलिबागजवळच्या नागावात १९३६ मध्ये जन्मलेले. सर ज. जी. कला महाविद्यालयातून ते शिकले, विणकर सेवा केंद्रात नोकरीसाठी काही वर्षे वाराणसीला राहिले आणि त्या काळात त्यांच्या चित्रांवर तंत्रमार्गातल्या चित्रपरंपरेचा गाढ प्रभाव होता. पान, घड्याळ, शिंपला अशा साध्या वस्तू मोठ्या रिकाम्या अवकाशात ठेवणारी, एनॅमल रंगांतली जी चित्रे आज आपण त्यांची म्हणून ओळखतो, ती त्यानंतरची आहेत. या सगळ्या काळात त्यांनी नोंदवह्या ठेवल्या. मनात आलेला विचार, छोटे रेखाटन, वस्तूविषयीचा प्रश्न, सारे त्यांत लिहीत गेले. तू अठरा वर्षांची आहेस आणि तुझ्या पायाभूत वर्षाचे अजून चार महिनेही झालेले नाहीत.

तेव्हा एक वही अशी ठेव, की जी कोणाला दाखवायची नाही आणि जिला गुणही मिळणार नाहीत. तीत रोज एक फट काढ. लोकलच्या डब्यात दोन खांद्यांमधून दिसणारी खिडकी, वसतिगृहाच्या जिन्याचा कठडा, कपड्यांच्या दोरीवर दोन चिमट्यांमधला झोळ, काहीही चालेल. खाली तारीख, जागा आणि थांबून पाहावेसे का वाटले, त्याचे एक वाक्य. बिघडलेले पान फाडू नकोस, कारण तेथेच हात सवयीबाहेर गेलेला असण्याचा संभव असतो. ज्यांची चित्रे तुला आवडतात, त्यांची उघडपणे नक्कल कर आणि तुला काय जमले नाही ते शेजारी लिही. वर्ष संपताना उपयोजित कला की रंगकला, शिल्प की वस्त्रसंकल्पन, हे निवडावे लागेल तेव्हा ही वही सरांसमोर ठेव. फीची चिंता करून निवड करू नकोस. ती माझी बाब आहे आणि तिची तरतूद केलेली आहे.

आणखी एक गोष्ट मला लिहायची आहे, जी मी आजवर बोललो नाही. तू नववीत असताना गर्दीच्या दिवसांत मी तुला एका छोट्या मूर्तीची आखणी, म्हणजे डोळे रंगवण्याचे काम, करायला दिली होती. तू डोळ्यांची वरची रेघ खाली आणलीस आणि बुबुळाखाली पांढरी जागा नेहमीपेक्षा जास्त सोडलीस. गणपती कोणाकडे न पाहता आपल्याच मनात पाहत असल्यासारखा दिसू लागला. गिऱ्हाईक काय म्हणेल या भीतीने मी ओल्या फडक्याने ते डोळे पुसले आणि नेहमीसारखे आखले. तू काही बोलली नाहीस, पण त्यानंतर आखणीचा ब्रश तू हातात घेतला नाहीस. परवा त्या वह्या पाहताना माझ्या लक्षात आले, की ती बुबुळाखालची जागासुद्धा तुझीच होती, आणि मी ती पुसली होती. मला त्याचे फार वाईट वाटते.

ट्रंकेतल्या पाच वह्या, ज्यांतली पाने मी वर सांगितली, त्या सोबत पाठवतो आहे. सरांना दाखवायच्या की नाही, ते तू ठरव. आईने कोकमे आणि कुळथाचे पीठ दिले आहे. पुढच्या वर्षी चतुर्थीला आठ दिवस आधी येता आले तर ये. आपल्या घरच्या गणपतीला मी सगळे रंग लावीन आणि डोळे कोरे ठेवीन. ब्रश मात्र तुझा आण. माझ्या ब्रशाच्या केसांना माझ्या हाताचे वळण पडले आहे.

तुझे,
बाबा