शाळेच्या ध्येयाबद्दल, तरंगंबाडीच्या शेजारून

कारैकाल,
१८ जुलै

प्रिय वसंता,

तुमच्या शाळेच्या ध्येयाचा तुझा मसुदा मिळाला. 'सर्वांगीण विकास', 'संस्कारक्षम पिढी', 'मूल्याधिष्ठित शिक्षण', सगळं जागच्या जागी आहे. रागावू नकोस, पण हा कागद तुमच्याऐवजी साखर कारखान्याच्या शाळेत नेऊन लावला तरी कुणाच्या लक्षात येणार नाही. तिकडच्या मिशनच्या शाळा ध्येय म्हणून काय लिहितात त्याची एखादी नक्कल पाठव, असं तू म्हणाला होतास. नक्कल पाठवून उपयोग नाही. हल्ली त्यांच्याही पाट्या तुझ्या कागदासारख्याच दिसतात. पण या ल्यूथरी, म्हणजे मार्टिन ल्यूथरच्या ख्रिस्ती पंथाच्या, शाळा मुळात कशासाठी निघाल्या ते मात्र तुला सांगावंसं वाटतं. बदली झाल्यापासून बँक सुटल्यावर दुसरा उद्योग नाही, त्यामुळे वाचन आणि भटकणं दोन्ही बरंच झालंय. लांबण लागेल, चहा घेऊनच बस.

इथून बसने उत्तरेला निघालं की थोड्याच वेळात तरंगंबाडी लागते. १६२० मध्ये तंजावरच्या रघुनाथ नायकाने ही किनारपट्टी डेन्मार्कच्या व्यापाऱ्यांना दिली, त्यांनी किल्ला बांधला. ९ जुलै १७०६ ला तिथे दोन जर्मन पाद्री उतरले, बार्थोलोमेउस त्सिगेनबाल्ग आणि हाइनरिश प्ल्युत्शाउ. पाठवणारा डेन्मार्कचा राजा चौथा फ्रेडरिक. आणि आजूबाजूचा मुलूख कुणाचा? आपल्या भोसल्यांचा. व्यंकोजीराजांचे चिरंजीव शहाजी तेव्हा तंजावरच्या गादीवर होते. शाळेत हे आपल्याला कुणी सांगितलं नाही, शिवाजीराजांनंतर तंजावर एकदम गायबच होतं.

त्सिगेनबाल्ग चोविशीतला पोरगा. तमिळ शिकल्याशिवाय इथे काही करता येणार नाही हे त्याला आल्याआल्या कळलं. त्याने काय करावं? एका म्हाताऱ्या पंतोजींना त्यांच्या पोरांसकट स्वतःच्या घरात आणून बसवलं आणि आपण त्या पोरांच्या रांगेत मांडी घालून वाळूत बोटाने धुळाक्षरं गिरवायला लागला. लोकांनी डोळे विस्फारले असतील. पण दोनेक वर्षांत तो तमिळ ताडपत्रं वाचून त्यांची यादी करत होता, आणि तमिळ मुलं शाळेत पाठ करायची ती नीतिवचनं जर्मनमध्ये उतरवत होता. १७०७ मध्येच त्याने शाळा काढली, आणि त्याच वर्षी मुलींचीही. १७०७, वसंता. पुण्यात भिडेवाड्यात सावित्रीबाईंनी शिकवायला सुरुवात केली १८४८ ला.

एवढी घाई कशाची होती, हे समजायला मार्टिन ल्यूथरकडे, सोळाव्या शतकातल्या त्या जर्मन धर्मसुधारकाकडे, जावं लागतं. ल्यूथरचं म्हणणं असं की देव आणि माणूस यांच्यामध्ये पुरोहिताची गरज नाही, प्रत्येकाने धर्मग्रंथ स्वतः वाचावा. म्हणायला सोपं आहे, पण एकदा म्हटलं की पुढचं गळ्यात पडतं. चांभाराच्या पोरीला वाचता आलं पाहिजे, ग्रंथ तिच्या भाषेत असला पाहिजे, शाळा गावात असली पाहिजे आणि मास्तरचा पगार कुणीतरी भरला पाहिजे. त्या काळात जर्मनीतले मठ ओस पडत होते, त्यांच्याबरोबर मठांच्या शाळाही बंद होत होत्या, आणि पोराला पाद्री व्हायचं नाही तर शिकवायचं कशाला, असं आईबाप म्हणत होते. तेव्हा १५२४ मध्ये ल्यूथरने शहरांच्या कारभाऱ्यांना एक अनावृत पत्र लिहिलं. मतितार्थ असा: दरवर्षी बंदुका, रस्ते, पूल, बंधारे यांवर पैसा ओतता, मग गरीब पोरांसाठी एक-दोन चांगले मास्तर ठेवायला हात का आखडता? मुलग्यांनी दिवसाला एक-दोन तास शाळेत यावं, बाकी वेळ घरी राहून कसब शिकावं. मुलींनी तासभर तरी यावं. आणि पुढे तर तो म्हणतो की आत्मा आणि धर्मग्रंथ बाजूला ठेवले, तरी घर आणि राज्य चालवायला शहाणी माणसं, शहाण्या बायका लागतात, तेवढ्यासाठीसुद्धा उत्तम शाळा हव्यातच.

हे मला फार आवडलं. धर्माच्या माणसाने धर्म वगळूनही शाळेची बाजू मांडली, आणि तीही नगरपालिकेच्या अंदाजपत्रकाच्या भाषेत! (तुमच्या मंडळातल्या कंत्राटदार साहेबांना हे वाचून दाखवच.)

१५२९ मध्ये त्याने मुलांसाठी छोटी प्रश्नोत्तरी लिहिली. गावोगाव फिरून पाहिलं तर लोकांना सोड, काही पाद्र्यांनाही प्रार्थना धड येत नव्हती. त्यात प्रत्येक आज्ञेखाली, प्रार्थनेच्या प्रत्येक ओळीखाली एकच प्रश्न येतो: याचा अर्थ काय? नुसतं घोकू नको, अर्थ सांग. गंमत म्हणजे खाली उत्तरही छापलेलं आहे, आणि मुलं शतकानुशतकं तेच घोकत आली. आपल्या गाइडांची आठवण झाली की नाही? ल्यूथरला मी डोक्यावर घेत नाही, तेही सांगून टाकतो. १५४३ मध्ये ज्यूंविरुद्ध त्याने जे लिहिलं ते वाचवत नाही.

त्सिगेनबाल्ग ज्या मुशीतून आला ते गाव म्हणजे जर्मनीतलं हाले. तिथे आउगुस्ट हेर्मान फ्रांके नावाचा पाद्री होता. १६९५ मध्ये त्याच्या घरातल्या दानपेटीत कुणीतरी चार थालर आणि सोळा ग्रोशेन (तिकडची तेव्हाची नाणी) टाकले. त्या काळी एका पाद्र्याच्या हाती एकदम पडायला बरीच रक्कम. हे चांगलं भांडवल आहे, यातून गरिबांची शाळा काढतो, असं म्हणून त्याने पुस्तकं आणि मास्तर आणले. १७२७ ला तो वारला तेव्हा अनाथालय, छापखाना, औषधालय, निरनिराळ्या शाळा मिळून दोन हजारांवर मुलं तिथे शिकत होती. चित्रविचित्र वस्तूंचं एक दालन होतं, त्यात भारतातून पाठवलेल्या गोष्टीही होत्या, मुलांनी हाताळून शिकावं म्हणून. पण फ्रांकेची शिस्त भयंकर. मुलाचा हट्टी स्वभाव मोडल्याशिवाय त्यात भक्ती रुजत नाही असं त्याचं मत, मोकळं खेळणं म्हणजे वेळेची नासाडी. माझ्या पोराला मी तिथे घातलं नसतं.

हाच फ्रांके पुढे त्सिगेनबाल्गला आडवा आला. त्सिगेनबाल्गने इथल्या लोकांना विचारून विचारून दक्षिणेतल्या देवदेवतांची एक मोठी वंशावळ लिहिली आणि १७१३ मध्ये छापायला हालेला पाठवली. तिकडून उत्तर आलं की तुला मूर्तिपूजा मोडायला पाठवलंय, तिची माहिती युरोपात पसरवायला नाही. ती वंशावळ १८६७ पर्यंत पडून राहिली, शेवटी मद्रासला छापली गेली. तरंगंबाडीतही सगळं गोड नव्हतं. डॅनिश किल्लेदाराने १७०८ मध्ये त्सिगेनबाल्गला कैदेत टाकलं, चार महिने. माणूस ३६ वर्षांचा असताना इथेच गेला, १७१९ मध्ये. त्याने बांधलेल्या न्यू जेरुसलेम चर्चमध्येच त्याला पुरलं आहे.

आता तुझ्या कामाचा भाग. ख्रिस्तियन फ्रीडरिश श्वार्ट्झ हा त्याच मिशनचा माणूस, १७५० मध्ये आला आणि पुढे तंजावरात राहिला. मराठी, फारसी, तमिळ सगळं शिकला. हैदर अलीचा इंग्रजांवर काडीचा विश्वास नव्हता, म्हणून १७७९ मध्ये मद्रासच्या सरकारने बोलणी करायला यालाच श्रीरंगपट्टणला पाठवलं. तंजावरच्या तुळजाजी महाराजांनी १७८७ मध्ये मरणाच्या दारात असताना सरफोजींना दत्तक घेतलं आणि दहा वर्षांचा तो मुलगा श्वार्ट्झच्या ओटीत घातला. गादी मात्र तुळजाजींचा सावत्र भाऊ अमरसिंग याने बळकावली आणि सरफोजींना कोंडूनच ठेवल्यासारखं केलं. श्वार्ट्झ कंपनी सरकारकडे खेटे घालत राहिला, शेवटी मुलाला मद्रासला हलवलं, तिथे गेरिके नावाच्या दुसऱ्या ल्यूथरी पाद्र्याने शिकवलं. १७९८ मध्ये सरफोजी गादीवर आले. श्वार्ट्झ त्याच्या काही महिने आधी, फेब्रुवारीत गेला.

आपण सरफोजींच्या सरस्वती महाल ग्रंथालयाचं कौतुक करतो, तिथल्या मोडी कागदांचं करतो, पण त्या राजाचा मास्तर कोण होता हे किती जणांना ठाऊक आहे? आणि मुख्य गोष्ट म्हणजे सरफोजी ख्रिस्ती झाले नाहीत. शेवटपर्यंत शैव राहिले. बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसल्यांचा इतिहास मराठीत कोरून घेतला तो यांनीच, १८०३ मध्ये. त्याच राजाने लंडनच्या जॉन फ्लॅक्समन या शिल्पकाराकडून श्वार्ट्झचं संगमरवरी स्मारक करून घेतलं. तंजावरला शिवगंगा किल्ल्यातल्या चर्चमध्ये ते आहे. मी समोर बराच वेळ उभा होतो. म्हातारा पाद्री पलंगावर पडलाय आणि पगडीवाला राजा शेजारी उभा राहून त्याचा हात हातात घेऊन आहे. श्वार्ट्झच्या थडग्यावरचा इंग्रजी छंदातला मजकूरही राजाने स्वतः रचला. छंद ओबडधोबड आहे, शिष्याने गुरूसाठी परक्या भाषेत लिहावा तसा.

श्वार्ट्झने १७८५ च्या सुमारास तंजावर, रामनाथपुरम, शिवगंगा (हे गाव, तो किल्ला नव्हे) इथे इंग्रजी शाळा सुरू करवल्या. मुलं बहुतेक ब्राह्मणांची आणि इतर वरच्या जातींची, मदत राजाची आणि कंपनीची. या मुलांचं काय करणार, असा प्रश्न आला तेव्हा त्याने जे सांगितलं त्याचा सारांश असा की ही मुलं ख्रिस्ताकडे यावीत अशी माझी मनापासून इच्छा आहे, पण त्यासाठी कुणालाही फसवणार नाही. मला वाटतं ल्यूथरी शाळेचं खरं धोरण या एका वाक्यात आलं. आम्ही कोण, आम्हाला काय हवंय, हे दारातच सांगून टाकलं. तुम्ही घ्या अथवा घेऊ नका, गणित आणि व्याकरण दोघांनाही सारखंच शिकवू. मिशनरी म्हटलं की तुझ्या मंडळींच्या कपाळावर आठ्या पडतात हे मला माहीत आहे, आणि इतर ठिकाणी त्याला कारणं घडली नाहीत असंही मी म्हणणार नाही. पण इथला हा दाखला तरी नजरेआड करू नये.

जातीच्या बाबतीत मात्र त्यांनी हात टेकले. देवासमोर सगळे सारखे म्हणणाऱ्या या चर्चमध्ये वरच्या जातीचे वेळ्ळाळ एकीकडे आणि अस्पृश्य मानलेले पराय दुसरीकडे बसायचे, आणि श्वार्ट्झनेही ते चालवून घेतलं. पुढे नव्या पाद्र्यांनी ते मोडायला घेतलं तेव्हा मोठा विरोध केला तो वेदनायगम शास्त्री या ख्रिस्ती तमिळ कवीने, श्वार्ट्झच्याच विद्यार्थ्याने. वाचायला सगळ्यांना शिकवायचं हे तत्त्व होतं म्हणून ते झालं. शेजारी बसवायचं हे तितक्या ठामपणे ठरवलं नव्हतं, म्हणून ते कितीतरी पिढ्या राहून गेलं.

आजच्या शाळांचं म्हणशील तर १९१९ मध्ये तमिळ इव्हँजेलिकल ल्यूथरन चर्च स्थापन झालं आणि मिशनच्या शाळा त्यांच्याकडे आल्या. परवा एका शाळेच्या फाटकाबाहेर सकाळी उभा होतो. दोन वेण्यांत मोगरा माळलेल्या कोळ्यांच्या मुली, कपाळाला विभूती लावलेला एक मुलगा, हिजाब घातलेल्या दोघीतिघी. आधी तमिळ ताय वाळ्त्तु हे तमिळ भाषेचं वंदनगीत, मग बायबलमधलं एक वचन, मग एक कुरळ, म्हणजे तिरुक्कुरळ या जुन्या तमिळ नीतिग्रंथातलं दोन ओळींचं वचन. विभूतीवाला कुरळ म्हणताना डोळे मिटून होता आणि वचनाच्या वेळी पुढच्याच्या दप्तराची चेन ओढत होता. कुणी त्याला काही म्हटलं नाही. अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीवाचून धर्मशिक्षण सक्तीचं करता येत नाही, घटनेच्या कलम २८ मध्येच आहे. श्वार्ट्झला जे स्वतःहून सुचलं ते आता कायद्याने बांधून दिलंय, चांगलंच आहे.

तर तुझ्या कागदाकडे येतो. 'संस्कार' हा शब्द चार ठिकाणी आलाय, चारही खोडून टाक आणि त्या जागी कोणते संस्कार ते लिही. लिहायची लाज वाटली तर समज की ते पाटीवर नकोच. तुमची शाळा ज्या देणगीवर निघाली ती देणारी बाई धुणीभांडी करायची, हे तूच मला सांगितलं होतंस. त्याचा उल्लेख मसुद्यात कुठेही नाही! फी भरता आली नाही तर मुलाला वर्गाबाहेर काढणार नाही, असं लिहायची तुमच्या मंडळाची तयारी आहे का? ऊसतोडीला गेलेल्या आईबापांची पोरं दिवाळीनंतर नाव काढून जातात, त्यांची जागा उन्हाळ्यापर्यंत राखून ठेवणार का? पाचवीच्या मुलाला मराठीचं पान अडखळत का होईना वाचता आलंच पाहिजे, नाही आलं तर जबाबदारी शाळेची, एवढं एक वाक्य घालून बघ. बैठकीत आरडाओरडा होईल. कोण कुठल्या वाक्यावर उठतो ते मला नक्की कळव.

बैठक ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात आहे ना? त्याआधी नवा मसुदा पाठव, मी तांबड्या शाईने परत करतो. मी गणपतीला येतोय, रजा मंजूर झाली आहे. वहिनींना नमस्कार, काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन कधी ठरलं ते लिही. इथला तांदूळ उत्तम मिळतो, दहा किलो आणू का ते वहिनींना विचार.

तुझा,
दिनू